टीएममधून, म्हणजे काँक्रीटच्या मिक्सर ट्रकमधून, माल सांडतोय? आधी रस्त्यावरचा डाग वाचा, मग ड्रायव्हरला बोला

रात्री पावणेअकराला फोन आला. "साहेब, चांदणी चौकाच्या चढाला आपल्या गाडीतनं माल पडलाय. मागनं येणारा स्कूटीवाला घसरलाय." मी पोचलो तेव्हा त्या पोराचा गुडघा फुटला होता, स्कूटीचा एक आरसा गेला होता, तेवढ्यावर निभावलं होतं. आमचा ड्रायव्हर आणि हेल्पर रस्त्यावर वाकून हातांनी माल ओढत होते. हातांनी, कारण गाडीत फावडं नव्हतं.

महिन्यातला तो तिसरा प्रकार. आधीच्या दोन्ही वेळी आम्ही एकच उपाय केला होता: ड्रायव्हरला झापायचं, एका दिवसाचा पगार कापायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तेवढाच माल भरून, त्याच रस्त्यानं सोडायची. मग चौथा प्रकार होणार नाही तर काय होणार?

मी पुण्याच्या पश्चिम बाजूला एका आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवर गाड्यांचं बघतो. चौदा टीएम आहेत, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर. रस्त्यावरची माणसं ज्याला 'तो गोल फिरणारा सिमेंटचा ट्रक' म्हणतात तो. त्या रात्रीनंतर मी एक वही घातली. जिथं माल सांडेल तिथं स्वतः जायचं, फोटो काढायचा आणि सांडलेल्याचा आकार, जागा, त्यात खडी किती आणि पाणी किती ते लिहायचं. सात-आठ नोंदी झाल्यावर ध्यानात आलं की प्रत्येक दोषाचा डाग वेगळा पडतो. ड्रायव्हर काय सांगतो, बॅचर (प्लांटवर माल मोजून गाडीत भरणारा) काय सांगतो, साइटचा इंजिनिअर काय सांगतो ते नंतर. रस्ता आधीच सगळं सांगून मोकळा झालेला असतो. ज्यांच्या गाड्या पुन्हा पुन्हा सांडतात त्यांच्यासाठी ती वही इथं उघडतो आहे.

चढाच्या सुरुवातीला किंवा चढावरच्या सिग्नलला एकच मोठा फतकल

हा सगळ्यात नेहमीचा. एका जागी घमेलंभर ते दहा घमेली माल, खडी-वाळू-सिमेंट सगळं नीट मिसळलेलं, आणि पुढं दहा-वीस फुटांवर विरत गेलेले ठिपके. हा माल ड्रमच्या तोंडातून आलेला असतो. याचं कारण दहातल्या नऊ वेळा प्लांटच्या गेटच्या आत सापडतं.

ड्रम आडवा नसतो, मागच्या बाजूनं उचललेला असतो. तोंड वर, मागे आणि उघडं. आत दोन पाती मळसूत्रासारखी तळापासून तोंडापर्यंत गेलेली. एका दिशेनं ड्रम फिरला की पाती माल केबिनकडे ओढतात, उलट फिरला की तोंडाकडे ढकलतात. झाकण नावाची गोष्ट नाही. माल आत राहतो तो ड्रमच्या तिरपेपणामुळं आणि फिरण्यामुळं, एवढंच.

आता हिशोब बघा. ड्रमचा तिरपेपणा साधारण 12 ते 15 अंश. गाडी 1:10 च्या चढाला लागली की त्यातले जवळपास पावणेसहा अंश गेले. 12 अंशांचा ड्रम असेल तर तुमच्याकडे सहाच्या वर थोडे उरले. म्हणजे सपाटीवर जो माल तोंडापासून हातभर खाली होता, तो आता ओठाशी आला. त्यात सिग्नल सुटला, ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला, आतल्या चौदा टन मालाची एक लाट मागे आली. पडणार नाही तर जाईल कुठं?

सहा क्यूबच्या (क्यूब म्हणजे घनमीटर) ड्रमची आतली एकूण जागा दहा क्यूबच्या आसपास असते. हा आकडा कुणीतरी कधीतरी बॅचरच्या कानात घातलेला असतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. "चार क्यूब जागा रिकामी आहे राव, अर्धा क्यूब जास्त टाकला तर काय बिघडतं?" ती जागा रिकामी नाही. तिरप्या पडलेल्या, तोंड उघड्या भांड्यात तेवढी मोकळी ठेवावीच लागते. दुधाचं पातेलं काठोकाठ भरून जिना चढून दाखवा म्हणावं.

अर्धा क्यूब का टाकला जातो, तेही सांगतो, कारण उपाय तिथंच आहे. साइटवर स्लॅब संपत आलेला असतो, इंजिनिअर फोन करतो, "साडेसहा लागेल." सहाची एक गाडी आणि अर्ध्याची दुसरी पाठवायची तर डिझेल, ड्रायव्हर, वेळ, सगळं वाया. मग 'यावेळी घालून टाक'. काँक्रीटचं वजन क्यूबला साधारण 2.4 टन. सहा क्यूब म्हणजे 14.4 टन आणि तो अर्धा क्यूब म्हणजे आणखी 1.2 टन. आमच्या तीन आसांच्या गाडीचं रिकामं वजन 12 टनांच्या आसपास आहे. 2018 मध्ये केंद्रानं अशा गाड्यांची मर्यादा 25 वरून 28.5 टन केली, म्हणून सहा आणि साडेसहा क्यूब कागदावर बसतात. सात टाकले की कागदावरही बसत नाहीत. आणि मोटार वाहन कायद्यातला 2019 नंतरचा दंड विसरू नका: जास्त भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. मालकाला सुरक्षेचं सांगून जे पटलं नाही ते हा आकडा पाटीवर लिहिल्यावर पटलं.

पण गंमत अशी की काही गाड्या बरोबर सहा क्यूब भरूनही सांडायच्या. डोकं खाजवून झालं. शेवटी अशा दोन गाड्या रिकाम्या करून, धुऊन वजनकाट्यावर घेतल्या. एक कागदावरच्या वजनापेक्षा 800 किलो जास्त भरली. ते 800 किलो म्हणजे ड्रमच्या आत, पात्यांच्या मागे, महिनोन्महिने चिकटून दगड झालेला माल. क्यूबचा तिसरा हिस्सा जागा त्यानं आधीच खाल्लेली. बॅचर सहाच टाकत होता, ड्रम मात्र पावणेसहाचाही उरला नव्हता.

हा वजनकाट्याचा प्रयोग दर महिन्याला करा, फुकट आहे. वजन वाढायला लागलं की ड्रम फोडायला, म्हणजे आतला दगड फोडून काढायला लावा, तो दीड टनाचा होईपर्यंत थांबू नका. आत उतरून ब्रेकर चालवणारा माणूस अत्यंत वाईट जागी काम करतो: अंधार, आवाज, धूळ, आणि ड्रम फिरला तर संपलंच. गाडीची चावी आत उतरलेल्या माणसाच्याच खिशात पाहिजे, बॅटरीची वायर काढलेली पाहिजे, मॅनहोल (ड्रमच्या अंगावरचं माणूस जाईल एवढं झाकणाचं तोंड) उघडं पाहिजे आणि तोंडाशी एक माणूस फक्त त्याच्याकडे बघत उभा पाहिजे. यात कुणाचीही घाई ऐकायची नाही.

पाती झिजली असतील तरी डाग असाच पडतो. ओळखायचं कसं? गाडी भरून सपाटीवर उभी करा, ड्रम भरायच्या दिशेनं हळू फिरू द्या आणि मागच्या शिडीवर चढून तोंडातून बघा. पाती चांगली असतील तर माल आत-आत ओढला जाताना दिसतो. झिजली असतील तर माल जागच्या जागी लोळतो, थोडा तोंडाकडेच सरकतो. आमच्या एका जुन्या गाडीत तोंडाजवळच्या पात्याची कड वस्तऱ्यासारखी पातळ झाली होती. बोट लावायची छाती होईना. नवी पट्टी वेल्डिंग करून घेतली आणि ती गाडी वहीतून गायब झाली.

पातळ माल

वरच्याच डागाचा भाऊ, पण फरक दिसतो: फतकल जाड नसतो, चपट्या पोळीसारखा पसरलेला असतो, कडेनं सिमेंटचं पाणी वाहून गेलेलं असतं आणि मधे खडी उघडी पडलेली असते. भार बरोबर, पाती बरोबर, तरी सांडलं. मग मालासोबतच्या चलनावरचा स्लम्प, म्हणजे माल किती मऊ आहे त्याचं मिलीमीटरमधलं माप, बघा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीच्या पाण्याच्या टाकीची पातळी बघा.

साइटवाल्याला काँक्रीट ढकलणाऱ्या पंपासाठी मऊ माल हवा असतो. रस्त्यात तासभर गाडी अडकली, माल घट्ट झाला, तर साइटवर "हा पंपात जाणार नाही" म्हणून परत पाठवतील ही ड्रायव्हरला भीती. मग तो वाटेतच टाकीतलं पाणी सोडतो. क्यूबमागे पाच-सहा लिटर पाण्यानं स्लम्प साधारण 25 मिलीमीटरनं वाढतो, म्हणजे सहा क्यूबच्या गाडीत पस्तीस लिटर, दोन बादल्या. नळ दोन मिनिटं उघडा राहिला तरी काम होतं. स्लॅबची ताकद जाते ती वेगळीच, त्यावर स्ट्रक्चरवाले बोलतील. मला दिसतं ते एवढंच की 120 स्लम्पचा माल ड्रममध्ये ढिगासारखा बसतो आणि 170 चा पाण्यासारखा हिंदकळतो.

आम्ही काय केलं: चढाच्या रस्त्यावरच्या साइटना माल मुद्दाम घट्ट पाठवायला लागलो, 100-120 वर. क्यूसीचा, म्हणजे मालाचा दर्जा तपासणारा, पोरगा साइटवर आधीच अॅडमिक्श्चरचा (पाणी न घालता माल मऊ करणाऱ्या रसायनाचा) कॅन घेऊन हजर. गाडी पोचली की तो मोजून डोस टाकतो, ड्रम फुल स्पीडला क्यूबमागे एक मिनिट आणि काही झालं तरी पाच मिनिटं फिरवायचा, मग स्लम्प बघायचा आणि पंपाला लावायचा. पहिले दोन आठवडे साइटवाल्यांनी कुरकुर केली. "पाच मिनिटं पंप थांबवायचा?" आता करत नाहीत, कारण पंप तुंबायचाही कमी झाला. पाण्याच्या टाकीच्या नळाला आम्ही साधं सील लावतो. सील तुटलेलं दिसलं तर विचारतो, ओरडत नाही. ओरडलं की पुढच्या वेळी सील तोडून परत नीट लावायला शिकतात, एवढाच फायदा.

स्पीडब्रेकरच्या पुढं दोन-तीन फुटांवर नुसती खडी

यात ओलावा कमी, सिमेंट कमी, सुटी खडी आणि थोडी क्रश सँड. हा माल ड्रममधला नाहीच. प्लांटखाली भरताना हॉपरच्या (ड्रमच्या तोंडावरच्या नरसाळ्याच्या) काठावर, चुटच्या (माल खाली सोडणाऱ्या पन्हळीच्या) खाचेत जो राहिला तो. गाडी आदळली की तो उडतो. मागच्या गाडीची काच फुटते ती यानंच.

उपाय दोन मिनिटांचा: भरून झालं की प्लांटवरच हॉपरमधला माल पाण्यानं खाली, ड्रममध्ये, ढकलायचा, चुट झाडायची, वर वळवून खिळ लावायची. ते धुण्याचं पाणी मालात जातं, म्हणून किती घ्यायचं ते ठरलेलं पाहिजे आणि बॅचरनं ते आधीच धरलेलं पाहिजे. एवढं साधं असूनही होत नाही, कारण मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत असते. आम्ही धुण्याची जागा प्लांटच्या तोंडापासून वीस मीटर पुढं हलवली, तेव्हा कुठं सुरू झालं.

ठरावीक अंतरावर एकेक शिंतोडा

हा डाग मला सगळ्यात आवडतो, कारण यानं मला आठ दिवस फिरवलं. एका गाडीच्या वाटेवर सिमेंटच्या पाण्याचे छोटे शिंतोडे दिसायचे, पण सलग नाही. मोकळ्या रस्त्यावर दीडशे-पावणेदोनशे मीटरवर एक. वाहतुकीत पन्नास-साठ मीटरवर एक. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की माझ्या गाडीचा नाही.

मग चहाच्या टपरीवर बसून कागदावर मांडलं. वाटेत ड्रम मिनिटाला तीन फेरे घेतो, म्हणजे एक फेरा 20 सेकंदांचा. ताशी 30 किलोमीटरनं जाणारी गाडी 20 सेकंदांत जवळजवळ 167 मीटर जाते. ताशी 10 नं गेली तर 55. अंतर तंतोतंत ड्रमच्या फेऱ्याचं! म्हणजे गळती ड्रमवरच्या अशा जागी आहे जी फेऱ्यातून एकदाच खाली येते. ड्रमच्या अंगाला अशी एकच जागा असते: मॅनहोल. झाकण उघडलं तर रबरी गॅस्केट एका बाजूनं चिरलेलं आणि एक बोल्ट हातानं फिरेल इतका सैल. ड्रम फोडायला उघडलं होतं तेव्हा जुनंच गॅस्केट परत बसवलेलं. नवं बसवलं, विषय संपला. मॅनहोल उघडलं की गॅस्केट बदलायचंच, हा तेव्हापासून नियम.

बारीक, सलग, नागमोडी रेघ

ही परतीच्या वाटेवर दिसते, प्लांटकडे येताना. गाडी रिकामी, पण चुट धुतलेली नाही. साइटवाला म्हणतो, "इथं धुऊ नका, आमचं अंगण खराब होतं." ड्रायव्हर म्हणतो बरं. मग एकतर चुट ठिबकत राहते, नाहीतर तो पुढच्या कोपऱ्यावर कुणाचं लक्ष नाही बघून रस्त्याकडेला पाणी मारतो आणि ते सगळं पावसाळी गटारात जातं. सिमेंट पाण्यात विरघळून जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. ते पाण्यानंच घट्ट होतं, पाण्याखालीही होतं. जूनमध्ये त्या चौकात गुडघाभर पाणी साचलं की सगळे महापालिकेला शिव्या घालतात.

हे ड्रायव्हरवर सोडून सुटत नाही. ऑर्डर घेतानाच साइटला सांगा: दोन मीटर बाय दोन मीटरचा, हातभर खोल खड्डा, आत जाड प्लॅस्टिक, हा तुमचा. नसेल तर गाडी चुटच्या तोंडाला पिशवी बांधून परत येईल. आम्ही जुन्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवून घेतल्या, तोंडाला दोरी. दिसायला गाढवाच्या तोबऱ्यासारखं दिसतं. पोरं हसली चार दिवस. पण रेघ बंद झाली.

साइटच्या गेटपासून निघालेले दोन समांतर पट्टे, शंभर मीटरमध्ये विरलेले

टायरचे. गाडीत दोष नाही, साइटचा चिखल आणि सांडलेला माल टायरला लागून बाहेर आला. गेटवर खडी टाकायला सांगा आणि टायर धुवायची सोय करायला सांगा. पुढे.

एक संपूर्ण ढीग, रस्त्याच्या कडेला

आता अवघड विषय. घमेली नाही, अर्धा क्यूब, एक क्यूब, कधी त्याहून जास्त. यात दोन शक्यता आणि दोन्ही वेगवेगळ्या.

पहिली खरोखरची चूक: लिव्हर. ड्रमची दिशा आणि वेग बदलणारा दांडा गाडीच्या मागे असतो, त्याला केबल जोडून एक केबिनमध्ये. साइटवर हेल्परनं मागचा दांडा अर्धवट ठेवला, खटका लावला नाही, केबल जुनी होऊन सैल झालेली. हादऱ्यांनी दांडा सरकत सरकत मधल्या खुणेवर आला तर ड्रम थांबतो, पलीकडे गेला तर उलटा फिरायला लागतो. केबिनमधून हे कळत नाही, गाणी चालू असतील तर अजिबात नाही. खटका आणि केबल दर पंधरवड्याला तपासा. उजव्या आरशाखाली एक छोटा गोल आरसा लावा, ड्रमच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा जाड बाण काढा. बाण उलटा चाललेला दिसला की गाडी बाजूला घ्यायची.

दुसरी शक्यता: सांडलेलं नाही, टाकलेलं आहे. साइटनं दोन क्यूब घेतले नाहीत, 'उरला तो घेऊन जा' म्हणाले. प्लांटवर परत नेला तर "कशाला आणलास?" म्हणून बोलणी. ड्रममध्ये ठेवला तर बसेल. आरएमसीच्या आयएस 4926 या भारतीय मानकाप्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत खाली व्हायला हवा, आणि ड्रायव्हरला कोड माहीत नसला तरी ड्रमचा आवाज बदलला की पोटात गोळा येतोच. मग रिंगरोडला मोकळा प्लॉट, नाल्याचा काठ, पुलाखालची अंधारी जागा. सकाळी लोक म्हणतात 'मिक्सरमधून सांडलं'. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

हा ढीग ड्रायव्हर टाकतो, पण भाग पाडतो प्लांट. परत आलेला माल बिनबोभाट घ्यायची जागा नसेल तर तो रस्त्यावरच पडणार. आम्ही लोखंडी साचे करून घेतले, एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटर. परत आलेला माल त्यात. त्या ठोकळ्यांचे खडीचे कप्पे झाले, कंपाउंडची भिंत झाली, काही गेटवर विकलेही गेले. नियम एकच ठेवला: माल परत आणणाऱ्याला कुणीही 'का आणलास' विचारायचं नाही. आणि फेरीवर मिळणारे पैसे त्या फेरीचे पूर्ण द्यायचे. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा बाकी सगळ्या उपायांनी मिळून पडला नसेल.

भरलेली गाडी कोंडीत अडकली, ड्रम फिरतोय पण माल बसायला लागला, तर साखर हा जुना उपाय खरा आहे. सहा क्यूबला पाचेक किलो, पाण्यात विरघळवून, ड्रम जोरात फिरवून. सिमेंट जमायचं थांबतं. पोतंभर ओतू नका, प्रमाणाबाहेर साखर उलटा परिणाम करते. तो माल मग स्लॅबला चालत नाही, साच्यातच जातो. आणि ड्रमच बंद पडला असेल तर साखर नुसती वर पडून राहील. तेव्हा दुसरी टीएम बोलवा आणि तिच्या हायड्रॉलिकचे पाइप जोडून ड्रम फिरवा. त्यासाठीचे जोडपाइप प्लांटवर तयार ठेवा, रात्री दोनला दुकान उघडं नसतं.

गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडं

ड्रायव्हरचा काहीच दोष नसतो असं मी म्हणत नाही. चढाआधी ड्रमचा वेग थोडा वाढवा, म्हणजे पाती माल पुढं ओढून ठेवतात. चढावर गाडी उभी राहिली आणि इंजिन मंदावलं की ड्रमही मंदावतो, हे लक्षात असू द्या. ड्रमचा पंप इंजिनवरच चालतो. पुढच्या गाडीत आणि आपल्यात एवढं अंतर ठेवा की चढाच्या मधोमध थांबायची वेळच कमी येईल. निघताना झटका नको. पण वळणावर उलट: ड्रम जोरात फिरत असेल तर माल एका अंगाला चढतो आणि गाडी त्या बाजूला झुकते. ठाण्याच्या बाजूला गायमुखच्या घाटातून जाणाऱ्यांना हे मी सांगायला नको, चढ आणि वळण तिथं एकत्रच येतात. तिथं वेग हाच उपाय, म्हणजे कमी वेग.

सांडलंच तर

गाडी बाजूला, धोक्याचे दिवे, मागे शंकू. हेल्पर शंकूच्याही मागे, हातात टॉर्च घेऊन. दुचाकीवाल्यांना ओला माल रात्री डांबरासारखाच काळसर दिसतो, ते सरळ त्यात येतात. आधी माणसं थांबवायची, मग माल.

ओला असताना फावड्यानं उचला, पाणी नको. पाणी मारलं की एका लेनचा माल तीन लेनला पसरतो. उचलून गोणीत किंवा घमेल्यानं परत हॉपरमध्ये. उरलेल्या थरावर डस्ट (खडीची भुकटी) किंवा वाळू टाका, खराट्यानं ओढा, परत उचला. शेवटी थोडं पाणी, तेही गटाराच्या जाळीपुढं मातीचा बांध घालून. उन्हाळ्याच्या दुपारी पातळ थर अर्ध्या तासात फावड्याला दाद देत नाही. तेव्हा 'प्लांटवरून माणसं येतील' म्हणून बसू नका. सुकला की त्याचा उंचवटा होतो आणि तो ब्रेकरनंच निघतो, डांबर सोबत घेऊन.

हातांनी माल ओढायचा नाही. त्या रात्री आमच्या हेल्परनं ओढला, जीन्सचे गुडघे भिजलेले, तसाच घरी गेला. सकाळी दोन्ही गुडघ्यांवर फोड. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल असतं, पीएच 12-13, आणि भाजताना लगेच दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. भिजलेले कपडे काढून भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं. डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठायचा.

कुणाच्या गाडीवर उडालं असेल तर लगेच पाण्यानं धुवा म्हणावं, भरपूर, न घासता. वाळल्यावर नखानं किंवा पत्र्यानं खरवडलं की रंग गेला. आणि पळून जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा करण्याला भारतीय न्याय संहितेच्या 285 कलमाखाली 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे; पळून गेलात आणि सांडलेल्या मालावरून कुणी पडून हाडं मोडली तर मात्र पुढची कलमं त्याहून बरीच वाईट आहेत.

प्रत्येक गाडीत आता एक पत्र्याची पेटी आहे: दोन फावडी, दोन घमेली, खराटा, चार शंकू, डस्टच्या दोन गोण्या, रबरी हातमोजे, गमबूट, टॉर्च. पेटीला कुलूप लावलं होतं, ते काढून टाकलं. ऐन वेळी चावी सापडली नाही. आता फावडी चोरीला जातात, महिन्याला एखादं. जाऊ द्या.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जुलैच्या धारेत हॉपरमधून पावसाचं पाणी ड्रममध्ये जातं, प्लांटवरून 120 नं निघालेला माल साइटवर 160 होऊन पोचतो आणि मधल्या चढाला पोळी पडते. हॉपरवर ताडपत्री बांधून बघितली, दोन फेऱ्यांत फाटते. पत्र्याचं झाकण केलं, ते भरताना उघडायला विसरले आणि बॅचरनं अर्धा क्यूब झाकणावर ओतला, तोही प्लांटच्या आतच सांडला म्हणून वहीत धरला नाही. कुणाकडे टिकणारं, एका हातानं उघडणारं झाकण असेल तर फोटो पाठवा, पावसाळ्याआधी.